लेमिंटन आणि खोबऱ्याचा केक

रविवार, रात्री साडेअकरा

काल लॅपटॉपचा चार्जर आणायला लॅमिंग्टन रोडला गेलो होतो. आमच्या घरात ते कायम लेमिंटन. बाबा म्हणायचे लेमिंटन, मामा म्हणायचा लेमिंटन, टॅक्सीवालेही तेच म्हणतात. मी एकदा हौसेने टॅक्सीवाल्याला खरं नाव सांगून बघितलं होतं, डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. तो म्हणाला, "वो किधर आया?" लेमिंटन म्हटल्यावर, "तो वैसा बोलो ना साब", आणि वर अशा नजरेने बघितलं की मीच बाहेरगावचा आहे.

रस्ता म्हणाल तर अगदी साधा. ऑपेरा हाऊसच्या बाजूने सुरू होतो, ग्रँट रोड स्टेशनच्या जवळून जातो आणि पुढे मुंबई सेंट्रलच्या दिशेने निघतो. मिनर्व्हा, अप्सरा, नाझ ही थेटरं इथलीच, पण आता बघायचं तर वायरींची भेंडोळी, रिमोटचे ढीग, दोन माणसं शेजारी उभी राहिली की भरणारी दुकानं आणि सोल्डरिंगचा तो टिपिकल धूर. काल एका गाळ्यात एक पोरगा डोळ्याला भिंग लावून मोबाईलच्या बोर्डावर टाका मारत होता, हात इतका स्थिर की शेजारी हॉर्न वाजतायत, टेम्पो रिव्हर्स घेतोय, याला कशाचं काही नाही. मी विचारलं एकोणीस व्होल्टचा चार्जर आहे का, तर मान वर न करता म्हणाला, "पिन दाखवा. ओरिजिनल की चालू?" मी चालू घेतला. (घरी येऊन लावला तर पिन सैल. हाताने धरून ठेवला की चार्ज होतो. असो.)

तर मुद्दा असा की लहानपणी माझी पक्की समजूत होती की लॅमिंग्टन म्हणजे ज्याने लॅमिनेशन शोधून काढलं तो माणूस. हसू नका. बाबांनी माझी दहावीची मार्कशीट याच रस्त्यावर नेऊन लॅमिनेट करून आणली होती, मग मी तरी दुसरं काय समजणार? सगळा रस्ता इलेक्ट्रॉनिक्सचा, म्हणजे हा एडिसनचा मोठा भाऊबीऊ असणार. ग्रँट रोडला तर मी बरीच वर्षं 'ग्रँड रोड'च समजत होतो आणि त्यात ग्रँड काय आहे ते स्टेशनच्या पुलावरून शोधायचो. तो ग्रँट म्हणजे सर रॉबर्ट ग्रँट, १८३५ ते १८३८ मुंबईचा गव्हर्नर, हे फार उशिरा कळलं.

आणि आज सकाळी फॅमिली ग्रुपवर ब्रिस्बेनहून भाचीचा फोटो. ताटलीत चौकोनी तुकडे, बाहेरून तपकिरी आणि त्यावर खोबऱ्याचा कीस. खाली लिहिलं होतं, "मामा, ओळख हे काय?" मी लिहिलं नारळाची वडी, करपलेली. तर म्हणे लॅमिंग्टन. ऑस्ट्रेलियात याला लॅमिंग्टनच म्हणतात, स्पाँज केक चॉकलेटमध्ये बुडवायचा आणि खोबऱ्यात घोळवायचा. तिकडे २१ जुलैला नॅशनल लॅमिंग्टन डे पण असतो म्हणे. इकडे आमच्या रस्त्याला साधा बॅनर नाही.

मग काय, रविवार सगळा त्यातच गेला. माणूस एकच निघाला हो! लॉर्ड लॅमिंग्टन, १८९६ ते १९०१ क्वीन्सलंडचा गव्हर्नर, आणि तिथून १९०३ ते १९०७ मुंबईचा. केकची गोष्ट अशी सांगतात की गव्हर्नरच्या घरी अचानक पाहुणे टपकले, आचाऱ्याकडे शिळा स्पाँज केक उरला होता, तो त्याने चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्यात लोळवला आणि वेळ मारून नेली. काही जण म्हणतात केकला नाव साहेबाचं नाही, मॅडमचं. खरंखोटं देव जाणे, पण शिळ्या पोळीचा कुस्करा करणाऱ्या आपल्या लोकांना हे लगेच पटतं. म्हणजे तिकडे उरलेल्या केकला साहेबाचं नाव आणि इकडे आमच्या रस्त्याला, बढती कुठली समजायची हे त्यालाच माहीत.

बाकी त्या काळी निरोप समारंभात शाल-श्रीफळ देतात तसा गव्हर्नरला एकेक रस्ता देत असावेत. सँडहर्स्ट, रे, फॉकलंड, सगळे मुंबईचे गव्हर्नर. हुबळीलाही एक लॅमिंग्टन रोड आहे, तेव्हा हुबळी मुंबई इलाख्यात होती. फॉकलंडचं पुढे जे झालं ते मला सगळ्यात आवडतं, त्या रस्त्याचं नाव आता पठ्ठे बापूराव मार्ग. लॉर्ड गेला आणि लावणीवाला आला.

लॅमिंग्टनचं आणखी एक सापडलं ते वाचून मात्र जरा थबकलो. १३ मार्च १९४०, लंडनचा कॅक्स्टन हॉल. उधमसिंगांनी मायकल ओडवायरवर गोळ्या झाडल्या तेव्हा व्यासपीठाकडे बसलेल्या ज्यांना गोळी लागली त्यात हे म्हातारबुवाही होते, हाताला जखम झाली. जालियनवाला बागेचा हिशेब आणि आपला रिमोटवाला रस्ता अशी जोडी माझ्या डोक्यात कधी आलीच नसती.

भडकमकर नाव कोणी घेत नाही असं मी वर लिहिलं, पण ते पूर्ण खरं नाही. पोलीस ठाण्याला सगळे डीबी मार्गच म्हणतात. तुकाराम ओंबळे त्याच ठाण्याचे. तिथे लेमिंटन कोणाच्या तोंडात येत नाही.

दुपारी आईला फोटो दाखवला, गोष्ट सांगितली. तिने चष्मा वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "खोबरं जाड किसलंय." मग थोड्या वेळाने, "उद्या चार्जर बदलायला लेमिंटनला जाशील ना, टाटा स्कायचा रिमोट पण आण." झालं, लॉर्डसाहेबांचा विषय संपला.

रात्री कपाटातून ती मार्कशीट काढली. लॅमिनेशन एका कोपऱ्यात सुटलंय, आत हवेचा बुडबुडा, बाबांच्या बोटाचा ठसा अडकल्यासारखा दिसतो. समाजशास्त्रे, दीडशेपैकी एकाहत्तर.