तुम्ही विचारलंत म्हणून : ओहायो ताऱ्याची टोके

माझ्या क्विल्टवरून हात फिरवताना जवळजवळ प्रत्येक जण एकच प्रश्न विचारते : ‘‘तुमच्या ताऱ्याची टोके अशी नेमकी कशी येतात? आमची शिवणीत गडप होतात.’’ सांगलीहून आलेल्या माझ्या मावशीनेही गेल्या उन्हाळ्यात हेच विचारले, आणि ती तर जन्मभर गोधड्या शिवत आलेली आहे. म्हणून हे उत्तर एकदा सविस्तर लिहीत आहे.

हा तारा म्हणजे ‘ओहायो स्टार’. मी राहते त्या राज्याचे नाव लावणारा हा जुना अमेरिकन नमुना ‘व्हेरिएबल स्टार’ या नावानेही ओळखला जातो. त्याची मांडणी नऊ घरांची असते : चार कोपरे आणि मधले घर साध्या चौकोनाचे, तर उरलेली चार घरे प्रत्येकी चार त्रिकोणांची. या त्रिकोणांतूनच ताऱ्याची आठ टोके निघतात.

टोके बोथट झाली की आपण शिवणीला दोष देतो. माझ्या अनुभवाने सांगते, चूक बहुधा त्याआधीच, कापड बेतताना झालेली असते. तयार ब्लॉक, म्हणजे नऊ घरांचा हा पूर्ण चौकोन, ९ इंचांचा हवा असेल, तर प्रत्येक घर ३ इंचांचे होते. साध्या चौकोनाला दोन्ही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारे जादा कापड, धरली की तो साडेतीन इंचांचा कापायचा, हे कोणत्याही शिवणाऱ्या बाईला सांगावे लागत नाही. त्रिकोणाला मात्र एवढी माया पुरत नाही, कारण त्याचे टोक निमुळते असते आणि पाव इंचाची माया त्या टोकापाशी लांबवर पुढे सरकते. म्हणून चार त्रिकोणांच्या घरासाठी तयार मापात सव्वा इंच मिळवून चौकोन सव्वाचार इंचांचा कापतात. मी तो साडेचारचा कापते. जास्तीचे पाव इंच नंतर छाटण्यात जाते. पण त्या कापडाची मला कधीच हळहळ वाटलेली नाही.

दोन रंगांचे प्रत्येकी दोन चौकोन घ्यावेत. एका रंगावर दुसरा ठेवून कर्णरेषा आखावी, तिच्या दोन्ही अंगांना पाव इंचावर टीप मारावी आणि रेषेवर कापावे. असे मिळालेले दुरंगी चौकोन, विरुद्ध रंग समोरासमोर येतील अशा बेताने, पुन्हा जोडीने ठेवून दुसऱ्या कर्णावर तेच करावे, म्हणजे चार घरे तयार होतात.

खरी काळजी इथे घ्यावी लागते, कारण कर्णावरचा प्रत्येक काप उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरका असतो, आणि तिथे कापड सहज ताणले जाते. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुढचे सांगायला नको. जो ताण तिथे पट्टीला सुबक वळण देतो, तोच इथे त्रिकोणाचा आकार बिघडवतो. माझ्या पहिल्या ब्लॉकची घरे मी अगदी हौसेने, शर्टावर फिरवावी तशी इस्त्री फिरवून सपाट केली होती, आणि चारही घरे पतंगासारखी एका अंगाला ओढली गेली. आता मी कापण्यापूर्वीच कापडाला खळ देते आणि शिवण उलगडल्यावर इस्त्री फिरवत नाही; ती वरून ठेवते आणि सरळ उचलते.

त्यानंतर छाटणी. चौकोनी पारदर्शक पट्टीवरची ४५ अंशांची रेषा तिरप्या शिवणीवर बसवावी, पावणेदोन इंचांची खूण चार त्रिकोण मिळतात त्या बिंदूवर यावी, आणि मगच गोल पात्याच्या कटरने चारही कडा साडेतीन इंचांना छाटाव्यात. हा कटर ओल्फा या जपानी कंपनीने १९७९ साली आणला. त्यापूर्वीच्या बायका पुठ्ठ्याचे साचे ठेवून, पेन्सिलीने आखून, कात्रीने एकेक त्रिकोण कापत आणि तरीही टोके साधत. त्यांच्याबद्दल मला अपार आदर वाटतो.

टीप पाव इंचाहून एखादा धागा कमीच धरावी, कारण दुमडलेल्या घडीत तेवढे कापड जाते. दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडून पाहाव्यात. मधली बरोबर १ इंच भरली, तर तुमची टीप योग्य आहे.

ओळी जोडताना सगळ्या माया साध्या चौकोनांकडे वळवाव्यात, म्हणजे शेजारच्या ओळींच्या शिवणी एकमेकींत घट्ट बसतात. त्रिकोणांची उलटी बाजू वर ठेवली की दोन टिपा एकमेकींना छेदून झालेली एक बारीक फुली दिसते. नवी टीप त्या फुलीतूनच किंवा तिच्या एक धागा बाहेरून, कडेच्या बाजूने जावी. आतल्या बाजूला सरकली की टोक गेलेच.

मावशीने ब्लॉक पूर्ण केला तेव्हा तो साडेनऊ इंच भरला, पण ती हिरमुसली, कारण बाहेरची टोके कडेला न टेकता पाव इंच अलीकडेच थांबली होती. तिने कात्री उचलली, तेव्हा मी तिचा हात धरला. ती पाव इंचाची माया शेजारच्या ब्लॉकसाठी असते. दुसरा ब्लॉक जोडून मी शिवण उलगडली, आणि टोके बरोबर शिवणीवर येऊन टेकलेली पाहून मावशीने कात्री खाली ठेवली.