नागरिकशास्त्राचा आमचा तास

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर सहल, गॅदरिंग, छडीचा मार हेच आधी आठवायला हवं. मी 1996 च्या दहावीच्या बॅचचा. मला मात्र नववीतला मार्च आठवतो. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली आणि 1995 च्या विधानसभेचा निकाल लागला. आमच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख, म्हणजे आमचे आबा, पडले, 192 मतांनी.

गावात कुणाला खरंच वाटेना. आमच्या पिढीने आबांशिवाय दुसरा आमदार पाहिलेलाच नव्हता. नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय, पण त्या दिवशी सरांनी पुस्तक उघडलंच नाही. फळ्यावर 192 एवढंच लिहिलं आणि म्हणाले, "आपल्या शाळेचा पट याच्या दुप्पट आहे. एका मतानं काय होतंय असं घरात कोण म्हणालं असेल, त्याला हा आकडा सांगा."

मग त्यांनी आबांची सगळी कुंडलीच मांडली. मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे, जन्म 1926 चा. वकिली करायला सांगोल्यात आले आणि इथलेच झाले. 1962 ला शेकापकडून, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाकडून, पहिल्यांदा आमदार. 1972 ला पडले, 1974 च्या पोटनिवडणुकीत परत निवडून आले. 1978 च्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात मंत्री. "म्हणजे हे काय पहिल्यांदा पडलेले नाहीत," सर म्हणाले. सर स्वतः लाल बावट्याचे होते का, हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची टाप कुणाची होती?

1999 ला आबा पुन्हा निवडून आले. माझं ते पहिलं मत. कुणाला दिलं ते सांगत नाही, पण ओळखायला अवघड नाही. त्या सरकारात त्यांच्याकडे रोजगार हमीचं खातं आलं. आमच्या तालुक्याला रोजगार हमी म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावं लागत नव्हतं. बाहत्तरच्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायला गेलेली. पुढे 1990 पासून फळबागेची योजना याच रोजगार हमीला जोडली गेली आणि माळरानावर डाळिंब उभं राहिलं. वर्गातल्या निम्म्या पोरांची कॉलेजची फी त्या डाळिंबाने भरली. नंतर डाळिंबावर तेल्या रोग आला आणि बागाही गेल्या, ते वेगळं.

पाण्याचं काम मात्र फार रेंगाळलं. आटपाडीला स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींबरोबर पाणी परिषदा घेत आबांनी टेंभू आणि म्हैसाळ या उपसा योजनांचा प्रश्न लावून धरला. कृष्णेचं पाणी उपसून दुष्काळी तालुक्यांना द्यायचं, मागणी एवढीच. पण ती पुरी व्हायला एक पिढी गेली. पन्नासहून जास्त वर्षं एकाच माणसाला निवडून देऊनही पाणी इतक्या उशिरा का आलं, हा प्रश्न मला आजही पडतो. विरोधी बाकावरच्या आमदाराच्या शिवाराला पाणी कधी मिळतं, हे पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आमदार असूनही एसटीने फिरणारा माणूस म्हणून बाहेरच्यांना त्यांचं फार कौतुक. आम्हाला त्यात विशेष वाटायचं नाही, एसटीनं नाही तर कशानं जायचं? पुण्यात नोकरीला आल्यावर त्यातलं वेगळेपण कळलं. तेव्हा सांगोला म्हटलं की लोक म्हणायचे, "गणपतरावांचं का?" 2022 पासून "काय झाडी, काय डोंगर" म्हणून हसतात. ते म्हणणारे शहाजीबापू पाटील म्हणजे 1995 ला आबांना पाडून 192 मतांनी निवडून आलेले तेच.

2014 ला आबा अकराव्यांदा आमदार झाले. 2019 ला ते उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत उभे राहिले आणि 768 मतांनी पडले, पुन्हा शहाजीबापूंकडूनच. 30 जुलै 2021 ला आबा गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब निवडून आले आणि जागा शेकापकडे परत आली. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण आयुष्यभर कष्टकऱ्यांचं राजकारण केलेल्या पक्षाला उमेदवार घरातलाच का लागतो, हे मी सरांना विचारलं असतं. आणि सरांनी उत्तर न देता तोच प्रश्न वार्षिक परीक्षेत घातला असता, पाच मार्कांना.