कंदिलाची सावली

सहा वर्षं मी लग्नाच्या शूटिंगमध्ये लाइट धरले. त्या कामात अंधार म्हणजे तक्रार. नवरीच्या आत्याचं तोंड काळं आलं की शेवटचा हप्ता अडलाच. सावली दिसली की तिच्यावर आणखी एक लाइट मारायचा, एवढीच आमची विद्या.

गेल्या मे महिन्यात नागपुरात महाल भागातल्या एका जुन्या वाड्यात शॉर्ट फिल्मच्या कामाला गेलो. सीन साधा होता. रात्र, घरातले लाइट गेलेले, आजी कंदिलाशेजारी बसून पत्र वाचते. आजी झालेल्या बाईंना संध्याकाळी लवकर निघायचं होतं, म्हणून ही रात्र आम्ही दुपारी दोनला करत होतो. खिडक्यांना काळं कापड ठोकलेलं, बाहेर पंचेचाळीस, आणि साउंडवाल्याने कूलर बंद करायला लावलेला. वाड्याच्या मालकीणकाकू दारातून पदराने वारा घेत आमच्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत आमच्याबद्दल फार बरं काही नव्हतं.

गॅफरदादा, म्हणजे सेटवरच्या लाइटचे प्रमुख, फोनवर बोलायला बाहेर जाताना म्हणाले, "तू लावून ठेव, मी आलोच." मी मोबाइलवर पाहून पाठ केलेलं सगळं काढलं. उजवीकडून बारा फुटांवर 'की लाइट', म्हणजे मुख्य दिवा, आणि कॅमेऱ्याशेजारी 'फिल', म्हणजे सावल्या उजळणारा दिवा. दोन्ही हजार हजार वॉटचे. आजींची सुरकुती न् सुरकुती दिसत होती. मला वाटलं, जमलं.

दादा आले, मॉनिटरसमोर उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "अबे, भिंतीवर ते काय दिसून राहिलं?"

भिंतीवर कंदिलाची सावली होती. कडी, काच, टाकी, सगळं स्वच्छ.

"दिव्याची सावली पडते का रे कधी?"

बुडाखाली पडते, पण तो वाद घालायची वेळ नव्हती. मी घाबरून सवयीने करायचं तेच केलं. तिसरा लाइट आणून डावीकडून त्या सावलीवर मारला. बटण दाबलं आणि फट्ट! वाड्यातलं सगळंच बंद. हजार वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण साडेचार अँपिअर ओढतो. तीन झाले तेरा. काकूंच्या फ्यूजमधली तार पाच अँपिअरची. दोन दिवे तिने कसे सोसले तेच नवल.

"लावले का दिवे?" काकू दारातून म्हणाल्या.

मी फ्यूजकडे धावणार, तर दादांनी दंड धरला. "थांब. आता पाह्य."

खोलीत फक्त कंदील जळत होता. आजींचा डावा गाल, नाकाची कड, पत्राचा कागद तेवढा उजळलेला. उजवा डोळा जेमतेम. मागची भिंत जवळजवळ नव्हतीच. मी तिथे दोन तास राबत होतो आणि कंदिलाकडे एकदाही बघितलं नव्हतं.

काकूंनी माळ्यावरच्या डब्यातून एक ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब काढून दिला. फ्यूजची तार मी बांधली, त्यांची बोलणी खात. मग दादांनी तो बल्ब डिमरवर घेऊन डावीकडे, कंदिलाच्याच बाजूला, फ्रेमच्या जरा बाहेर लावला, आजींच्या चेहऱ्यापासून तीन फुटांवर. पुढे बटर पेपर, बल्बला चिकटणार नाही असा. मध्ये काळ्या पुठ्ठ्याचा कटर, म्हणजे कंदिलावर उजेड पडायला नको. कॅमेरा ३२०० केल्व्हिनवर होता, म्हणजे त्या रंगाचा उजेड त्याला पांढरा दिसतो; आकडा कमी, तितका उजेड पिवळा. असा बल्ब २७०० च्या आसपास, त्यामुळे पिवळसरपणा फुकटात आला.

भिंतीचं गणित मला त्या दिवशी कळलं: दिव्यापासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो. भिंत आजींच्या मागे सहा फुटांवर. माझा दिवा चेहऱ्यापासून बारा फूट, भिंतीपासून अठरा. म्हणजे चेहऱ्याच्या निम्म्याला थोडा कमी उजेड भिंतीवर जाणारच. बल्ब तीन फुटांवर आणला की भिंत नऊ फुटांवर. अंतर तिप्पट, उजेड नववा हिस्सा. भिंत काळी करायला कापड लागलं नाही, दिवा जवळ ओढावा लागला.

शेवटी खिडकीच्या कापडाला एक फट राहिली होती. तिथून येणारा दिवसाचा उजेड आजींच्या पांढऱ्या केसांवर निळा दिसत होता. मी खिळे घेऊन निघालो.

"राहू दे," दादा म्हणाले. "चांदणं हाय ते."

तिसऱ्या टेकला ओके झालं. कूलर सुरू झाला तेव्हा टाळ्या वाजल्या, त्या सीनसाठी नव्हत्या.

पुढच्या आठवड्यात मानेवाड्याला लग्न होतं. नवरीच्या एका बाजूचा लाइट मी हळूच बंद केला. चेहरा काय सुंदर दिसायला लागला! दोन मिनिटांत मामा हजर. "भाऊ, तुमचा एक लाइट बंद हाय."

म्हटलं, "हो मामा, फ्यूज गेला."