तुम्ही विचारलंत म्हणून: ममीला गुंडाळायचं कापड यायचं कुठून?

बडोद्याच्या संग्रहालयात सयाजीरावांच्या काळापासून एक इजिप्तची ममी आहे. ती पाहून आलेली मंडळी मला हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला शापाचा, त्यावर मी चहा टाकायला उठते. दुसरा मात्र माझ्या आवडीचा: एवढं कापड आणायचे कुठून, आणि त्याच्या आत काय ठेवायचे?

कापड बरेचदा घरातलंच. जुन्या चादरी, विटलेले अंगरखे, कुठे रफू केलेलं, धुवून धुवून मऊ पडलेलं लिनन. टराटरा फाडलं की झाल्या पट्ट्या. काही तुकड्यांच्या कोपऱ्यात शाईने मालकाचं नाव सापडतं, आपल्याकडे धोबी खूण करायचा तसं. आजीच्या लुगड्याची गोधडी पांघरलेल्यांना यात नवल वाटणार नाही. क्रोएशियातल्या झाग्रेबच्या संग्रहालयातल्या एका ममीच्या पट्ट्या तर चक्क पुस्तक फाडून केलेल्या निघाल्या. कापडावर लिहिलेलं, इटलीतल्या एट्रुस्कन या प्राचीन भाषेतलं पुस्तक! त्या भाषेतला आज उरलेला सगळ्यात मोठा मजकूर तोच.

आता आतल्या वस्तू. तुतनखामुनची ममी १९२५ साली उलगडली तेव्हा थरांमधून १४३ वस्तू निघाल्या. तो राजा होता. साध्या माणसाला साच्यातून काढलेले निळ्या-हिरव्या झिलईचे चिमुकले ताईत पुरायचे. होरस देवाचा डोळा, मृतांचा देव ओसायरिस याचा कणा मानला जाणारा जेद खांब, इसिस देवीची तांबडी गाठ. पोट जिथे चिरलं, तिथे कधी काळ्या दगडाची दोन बोटं ठेवत.

मला सगळ्यात हलवतो तो हृदयावर ठेवायचा शेणकिड्याच्या आकाराचा ताईत. मेंदू नाकातून काढून फेकून द्यायचे, पण हृदय जागेवरच ठेवायचे, कारण परलोकात सत्याची देवी माआत हिच्या पिसासमोर त्याचंच वजन व्हायचं. म्हणून या दगडी किड्याच्या पोटावर हृदयालाच विनवणी कोरलेली असते: आईकडून मिळालेल्या माझ्या हृदया, माझ्याविरुद्ध साक्षीला उभं राहू नकोस. चित्रगुप्ताला पटवू पाहणारे आपल्याकडेही असतील, पण इथे भीती स्वतःच्याच काळजाची आहे. त्याला सगळं ठाऊक असतं ना.

आणि हे सगळं गंभीर चेहऱ्याने, सोवळ्यात चालायचं असं वाटत असेल, तर वाहची गोष्ट ऐका. वाह हा इजिप्तमधल्या थीब्ज शहरातल्या मेकेत्रे नावाच्या बड्या अधिकाऱ्याचा कारभारी, सुमारे ४००० वर्षांपूर्वीचा. त्याची ममी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात बरीच वर्षं जशीच्या तशी होती. क्ष-किरणांत आत दागिने दिसले, तेव्हा कुठे १९४० मध्ये ती उलगडली. सुमारे ३७५ चौरस मीटर कापड निघालं. चांदीचा एक सुंदर शेणकिडा निघाला, त्यावर वाहचं आणि त्याच्या धन्याचं नाव. आणि मधल्या थरांत, राळेला चिकटलेले, एक उंदीर, एक पाल आणि एक रातकिडा. काम चालू असताना कधीतरी आत शिरले असणार. गुंडाळणाऱ्यांच्या ते लक्षात आलं नाही, की आलं आणि त्यांनी वरून पुढची पट्टी ओढली?