‘ताई, मला कोणता रंग खुलेल?’

माप घ्यायला टेप खांद्यावर टाकली की हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारताना आवाज उगाच खाली जातो: ‘ताई, मी ही अशी सावळी. मला कोणता रंग खुलेल हो?’ डोंबिवलीत ब्लाउज शिवते मी, म्हणजे चेहऱ्याला सगळ्यात जवळचं कापड माझ्याच हातात असतं. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगते.

गोरी, गव्हाळ, सावळी ही वर्गवारी रंग निवडायला फारशी कामाची नाही. दोघी सख्ख्या बहिणी, दोघी सावळ्या. पण एकीच्या कांतीत पिवळट झाक असते, दुसरीच्या तांबूस. तोच विटकरी रंग एकीला उजळवतो आणि दुसरी त्यात उन्हातून आल्यासारखी दिसते. ही झाक ओळखायला मनगटावरच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघा, असं इंटरनेटवर सांगतात. सावळ्या मनगटावर त्या धड दिसल्या तर ना! १९८० च्या दशकात अमेरिकेत ऋतूंची पद्धत गाजली: त्वचा, केस आणि डोळ्यांच्या रंगावरून चारपैकी एक ऋतू ठरवायचा, तुम्ही ‘वसंत’ की ‘हिवाळा’ अशी. ज्यांच्यात कुणाचे केस सोनेरी, कुणाचे तांबूस, कुणाचे डोळे निळे, त्यांना ती ठीक आहे. आपल्याकडे जवळजवळ सगळ्यांचेच केस काळे आणि डोळे तपकिरी, मग त्यातले दोन ऋतू आपल्या वाट्याला येतच नाहीत.

मी दोन तुकडे जवळ ठेवते, एक पांढराशुभ्र आणि एक मोतिया. दोन्ही टू बाय टूचे, म्हणजे ब्लाउजच्या साध्या कापडाचे, अजिबात चमक नसलेले. केस मागे बांधायचे, लिपस्टिक पुसायची, दारात उजेडाकडे तोंड करून उभं राहायचं आणि एकेक तुकडा हनुवटीखाली धरायचा. बायका लगेच कापडाकडे बघतात. कापडाकडे बघायचंच नाही. डोळ्यांखालची वर्तुळं, ओठांच्या कडेचा काळसरपणा, नाकाच्या बाजूच्या रेषा बघायच्या. न शोभणाऱ्या तुकड्याने हे सगळं ठळक होतं आणि ‘झोप झाली नाही का?’ असं विचारावंसं वाटतं. शोभणाऱ्याने तेच विरून जातं. जिला मोतिया मानवतो तिला बहुधा हळदी, विटकरी, शेवाळी, मेंदी असे रंग चालतात. पांढराशुभ्र मानवला तर राणी, चिंतामणी, बॉटल ग्रीन. दोन्ही सारखेच बरे दिसणाऱ्याही पुष्कळ आहेत. त्यांनी डोकं न शिणवता आवडेल ते घ्यावं.

दारात उभं करते त्यालाही कारण आहे. स्वस्तातल्या पांढऱ्या एलईडी दिव्यात गडद लाल प्रकाश कमी असतो. त्याखाली डाळिंबी मळका दिसतो आणि आपली त्वचाही निस्तेज. मॅचिंग सेंटरमध्ये तंतोतंत जुळलेला ब्लाउजपीस घरी आल्यावर साडीपेक्षा वेगळाच निघतो, तो याच भानगडीमुळे.

आता फिक्या रंगांचं. सावळ्या मुलीला पिस्ता, बेबी पिंक, बिस्किटी घ्यायचं म्हणजे ती ‘उजळ दिसेल’, असं समजणाऱ्या आया, मावश्या, आत्या अजून संपलेल्या नाहीत. होतं बरोबर उलटं. फिक्या कापडाशेजारी त्वचा आहे त्याहून गडद वाटते. शेजारचा रंग आपल्या रंगावर काय करतो, हे मिशेल शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने नीट तपासलं. १८२४ साली तो पॅरिसच्या गोबलँ या विणकामाच्या कारखान्यात रंगाईचा प्रमुख झाला. तिथे तक्रार होती की निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांसाठी वापरलेला काळा धागा काळा वाटतच नाही. त्याने धागा तपासला तर रंगाई चोख! दोष शेजारच्या निळ्या-जांभळ्याचा होता. १८३९ साली त्याने हे सगळं पुस्तकात मांडलं, आणि त्यात कपडे आणि चेहऱ्याचा रंग हाही विषय घेतला. हिरव्याशेजारी त्वचेतली लाली वाढते, जांभळ्याशेजारी पिवळेपणा वाढतो. सध्या ज्याची फॅशन आहे तो फिका लॅव्हेंडर आपल्याकडच्या पिवळट झाकेच्या चेहऱ्यांना आजारी करतो तो असा. चमकदार कापडाची गोष्ट आणखी वेगळी. सॅटिन किंवा रेशीम स्वतःचाच रंग हनुवटीखाली फेकतं, म्हणून सुती हळदी सोसते तिला रेशमी हळदी सोसेलच असं नाही.

आणि काळा? सावळ्यांनी काळा घालू नये म्हणणाऱ्यांनी संक्रांतीला नव्या नवरीला बघावं. अंगावर काळी साडी, आणि गळ्यात, कानात, कपाळावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने. चेहऱ्यालगत पांढरं आलं की काळा चेहऱ्याला ओढून खाली नेत नाही. एरवी मोत्याची माळ किंवा गळ्याला बारीक पांढरी पायपिन तेच काम करते.

खरी पंचाईत मानाच्या साडीची. ती नेसणारीने निवडलेली नसते, पण लग्नात नेसावी लागते, कारण देणारी समोर बसलेली असते. अशा वेळी ब्लाउज हाच उपाय. पैठणीत ताणा, म्हणजे उभे धागे, एका रंगाचा आणि बाणा, म्हणजे आडवे, दुसऱ्या रंगाचा असेल तर धूपछाव येते. त्या दोनांतला जो चेहऱ्याला मानवतो, त्याच्याकडे झुकणारा ब्लाउज घ्यायचा. धूपछाव नसेल तर काठाचा रंग. तोही जमत नसेल तर पदराच्या बुट्टीतला एखादा. पदर पिनअप करताना खांद्यावर काठ येतो, तो जबड्याच्या अगदी जवळ. काठ बरा असेल तर घड्या अशा घालायच्या की तोच वर राहील. नावडता रंग कमरेखाली कितीही असू दे, चेहऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

केस पांढरे झाल्यावर मात्र सगळं पुन्हा तपासावं लागतं. आयुष्यभर मोतिया आणि तपकिरी वापरलेल्या काकू रंगवणं सोडतात आणि त्याच साड्यांत अचानक फिकट दिसू लागतात. त्यांना मी कुंकवासारखा लाल किंवा मोरपंखी धरून दाखवते. ‘या वयात?’ असं म्हणतात, आणि दोन ब्लाउज टाकून जातात.

तर विचारायला जरूर या, पण साडी घेऊन या. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून ‘काय वाटतं?’ विचारू नका. फोनचा कॅमेरा साडीचा आणि तुमचा, दोघींचाही रंग आपल्या मनाने बदलतो. दुपारी चारच्या आत आलात तर दारात उजेड चांगला असतो.