तेवीसशे रुपयांची नंबरप्लेट

नाशिकहून पुरी आणि परत. तेरा दिवसांत ना गाडी पंक्चर झाली, ना कुणाचं पोट बिघडलं. सासूबाईंना जगन्नाथाचं दर्शनही निवांत मिळालं. रायपूर-नागपूर कधी संपलं कळलंसुद्धा नाही. आणि घर तासाभरावर आलेलं असताना एका टोलनाक्यावर पावणेदोन तास अडकलो. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

गाडी मीच चालवत होते. संत्राबर्फी घेण्यात सकाळ गेली, त्यामुळे समृद्धी महामार्गावर नागपूरजवळच्या शिवमडक्याला चढेपर्यंत दुपारचे बारा वाजले. काचेवरचा फास्टॅग वाचून फाटक निमूट उघडलं. पुढे कारंजा, मेहकर, जालना. दोन्ही बाजूंना काळी माती, वेचणीला आलेला कापूस, फुललेली पिवळी तूर, आणि मध्ये सरळसोट काँक्रीट. कारला १२० ची मर्यादा आहे, पण वळणच नसल्यामुळे तेवढ्या वेगातही गाडी उभी असल्यासारखी वाटते. डोळे उघडे राहतात आणि लक्ष भलतीकडेच जातं. दर दीड तासाला मी नवऱ्याला काहीतरी सोलायला सांगायचे. शेंगा, संत्री, काहीही. (डबा घरूनच, नाहीतर हॉटेलातून बांधून घ्या. खायच्या जागा फार लांब लांब आहेत. आणि चढण्याआधी टायरची हवा बघा, काँक्रीटवर टायर तापतात.)

अंधार पडल्यावर किडे सुरू झाले. काचेवर, दिव्यांवर, पुढच्या पत्र्यावर टपटप. वायपर फिरवला की नुसता चिकट पट्टा उमटायचा.

साडेसातला बाहेर पडायचा नाका आला. फाटक हलेना. खिडकीतला मुलगा म्हणाला, "मॅडम, टॅग ब्लॅकलिस्ट दाखवतोय." मी म्हटलं, "अहो, १,९०० रुपये आहेत त्यात!" तो म्हणाला, "बॅलन्सचं नाही, केवायव्हीचं असेल. गाडी बाजूला घ्या."

केवायव्ही म्हणजे टॅग खरंच या गाडीवर आहे, हे बँकेला दाखवून देणं. तेव्हा, २०२५ मध्ये, ते कारलाही सरसकट लागायचं. टॅग ज्या बँकेचा, तिने म्हणे दोनदा मेसेज केला होता. तेरा दिवसांच्या फोटोंत आणि शुभेच्छांत तो कुठे बुडाला कोण जाणे. सकाळी चाललेला टॅग दुपारी कधीतरी बंद केला, आम्ही रस्त्यावर असताना. हेल्पलाइनवर अकरा मिनिटं सनई ऐकली, मग फोन कट.

ॲपला आरसी हवी होती, ती होती. आणि समोरून काढलेला एकच फोटो, ज्यात नंबरप्लेट आणि काचेवरचा टॅग दोन्ही दिसतील. आता हे अंधारात करून बघा. फ्लॅश मारला की नंबरप्लेट पांढरीफटक, आणि नाही मारला तर टॅग गायब. पहिला फोटो परत आला, नंबर वाचता येत नाही म्हणून. वाकून पाहिलं तर ९ च्या पोटात एक अख्खा पतंग चिकटलेला, ४ वर किड्यांचा थर, आणि त्याखाली ओडिशाची लाल माती. मी पिण्याचं पाणी ओतून नवऱ्याच्या रुमालाने घासत बसले. तो मोबाइलचा टॉर्च धरून उभा. "अगं, जरा डावीकडे," म्हणून सूचना वर. दुसरा फोटोही परत. तिसरा गेला, आणि खाली आलं: तपासणी सुरू आहे.

किती वेळ? ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

एक नियम तिथे बसल्या बसल्या शिकले. टॅग नाक्यावर वाचला जाण्याच्या तासाभराहून आधीपासून बंद असेल आणि वाचल्यावर दहा मिनिटांतही सुरू झाला नाही, तर व्यवहार फेटाळला जातो. फेब्रुवारी २०२५ पासून असंच आहे. म्हणजे रांगेत उभं राहून धावपळ करण्यात फारसा अर्थ नाही. उतरायच्या दीडेक तास आधी शेजारी बसलेल्या माणसाला टॅगची स्थिती बघायला लावा. बॅलन्स नाही, स्थिती. दोन्ही वेगळ्या ठिकाणी दिसतात, आणि मी आयुष्यभर बॅलन्सच बघत आले. आणि फास्टॅगचा वार्षिक पासही इथे कामाचा नाही. तो राष्ट्रीय महामार्गांना चालतो, समृद्धी राज्याचा.

तेवढ्यात मागून सासूबाई म्हणाल्या, "अगं, भरून टाक आणि चल. मला घरी जाऊन वरणभात हवाय."

किलोमीटरला २.०६ रुपये दर, आणि १ एप्रिल २०२५ पासून चालू फास्टॅग नसेल तर दुप्पट. तेवीसशेच्या घरात गेले. साडेसातलाच भरले असते तरी तेवढेच गेले असते, हे नवऱ्याने सिन्नर येईपर्यंत दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायची हिंमत केली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मेसेज आला, टॅग सुरू झालाय म्हणून. गाडी आठवडाभर तशीच मातीने लाल उभी होती. नंबरप्लेट तेवढी लख्ख.