‘सी’ सर्टिफिकेट असूनही मी लष्करात का नाही?

तुम्ही विचारलेत म्हणून, आणि मावशीपासून इमारतीतल्या शेजाऱ्यांपर्यंत प्रत्येक जण हेच विचारत आला आहे म्हणून, एकदा नीट लिहिते. ‘तीन वर्षे एनसीसी केलीस, ‘सी’ सर्टिफिकेट मिळवलेस, मग अधिकारी का झाली नाहीस?’ सर्टिफिकेट हाती आले की वर्दी मिळते, असे हा प्रश्न विचारणाऱ्यांना वाटते. प्रत्यक्षात एनसीसी स्पेशल एन्ट्रीत, म्हणजे एनसीसीच्या कॅडेट्ससाठी असलेल्या लष्करी अधिकारी भरतीत, पदवीला 50 टक्के गुण आणि सर्टिफिकेटला किमान ‘बी’ ग्रेड असेल, तर फक्त लेखी परीक्षा माफ होते. एसएसबी, म्हणजे निवड मंडळापुढची अनेक दिवसांची चाचणी आणि मुलाखत, कुणालाच चुकत नाही. माझ्या वेळी मुलांसाठी 50 आणि मुलींसाठी 5 जागा होत्या.

‘पाचच जागा होत्या हो,’ असे सांगितले की समोरचा गप्प होतो, म्हणून मी वर्षानुवर्षे तेच सांगत आले. कधी इंग्रजी कमी पडले असेही सांगितले, आणि तेही खरे नाही, कारण एसएसबीत हिंदीतही बोलता येते.

एसएसबीसाठी पंजाब मेलने मी भोपाळला गेले. पाच दिवसांच्या निवडीतून मी पहिल्याच दिवशी बाहेर पडले. पडद्यावर एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची असते आणि मग गटात बसून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची असते. मला त्या चित्रात गुडघाभर पाण्यात उभी असलेली एक बाई दिसली आणि क्षणात 26 जुलै 2005 ची कुर्ल्यातली आमची खोली डोळ्यांसमोर आली. मी नऊ वर्षांची होते. आई पाण्यात उभी राहून शेजारच्या दोन मुलांना एकेक करून माळ्यावर चढवत होती, आणि मी वरून त्यांचे हात धरून त्यांना ओढून घेत होते. ती गोष्ट माझ्याजवळ पूर्ण होती. तरीही मी क्लासमध्ये घोटून घेतलेली गोष्ट लिहिली: खेड्यात आरोग्य शिबिर भरवणारी तरुणी. गटातल्या आणखी तिघींनीही शिबिरच भरवले होते. चर्चेत समोरची एक मुलगी म्हणाली, “चित्रात पाणी आहे, तुम्हाला कुणाला दिसले नाही का?” मला दिसले होते. माझी शिबिराची गोष्ट मोडेल म्हणून मी मान खाली घातली, आणि बाकीच्यांनी तिला बोलू दिले नाही. दुपारी निवडलेल्यांचे चेस्ट नंबर वाचले गेले. तिचा होता. मी पाठीवरची नाडी सोडून माझा नंबर परत केला, पहिल्यांदाच आलेल्यांना मिळणारे तिकिटाचे पैसे सही करून घेतले आणि स्टेशनवर आले.

एका दिवसात कुणाची पारख होते का, असे तेव्हाची मी तावातावाने विचारत असे, आणि आजही तो प्रश्न मला पूर्ण चुकीचा वाटत नाही. पण ज्या गोष्टीवरून मला जोखले गेले ती माझी नव्हतीच, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे. एनसीसी वाया गेली, असे मात्र कृपा करून म्हणू नका. पहाटेची लोकल पकडून परेडला पोहोचण्याची ती तीन वर्षे मी कुणाच्या सांगण्यावरून केली नव्हती.

‘पुन्हा का गेली नाहीस?’ हा तुमचा पुढचा प्रश्न. घरची अडचण होती, असे मी सांगते. वयाची 25 ची अट ओलांडेपर्यंत आणखी जाहिराती आल्या, आणि त्यातल्या दोन वेळा मी ऑनलाइन अर्ज पूर्ण भरला, फोटो आणि सही चढवली, पण शेवटचे बटण दाबले नाही. बाबा त्या दोन्ही रात्री शेजारी बसून होते. अर्ज गेला, असेच त्यांना अजून वाटते.